सव्वीस तुकड्यांचा रणगाडा

मित्रांनो, मी एक जुना रणगाडा आहे. घाबरू नका. माझी लांबी तुमच्या नव्या पेन्सिलीच्या अर्ध्याएवढी आहे. दुसऱ्या महायुद्धात शर्मन नावाचे जे रणगाडे ब्रह्मदेशात आणि इटलीत लढले, त्यांच्यापेक्षा मी बहात्तर पटींनी लहान. माझं अंग प्लास्टिकचं आहे आणि माझ्या तोफेतून आजवर एकही गोळा सुटलेला नाही. तरीही मी एक लढाई अगदी जवळून पाहिली आहे. ती कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका शाळेत, नववीच्या वर्गात झाली. तिची हकीकत मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथे प्लास्टिकचे हिरवट दाणे वितळवतात आणि तो रस पोलादी साच्यात दाबून भरतात. काही क्षणांत साचा उघडतो आणि आम्ही बाहेर पडतो. पण तेव्हा आम्ही रणगाडे नसतो. आमचे सगळे भाग काड्यांच्या एका चौकटीला चिकटलेले असतात. ते कापून काढायचे आणि एकाची खुंटी दुसऱ्याच्या भोकात दाबून बसवायची. डिंक लागत नाही, सोल्युशन लागत नाही. म्हणून आमच्या खोक्यावर 'झटपट जोडा' असं लिहिलेलं असतं. एका खोक्यात आम्ही दोघे होतो, मी आणि माझा जुळा भाऊ. प्रत्येकाचे भाग सव्वीस.

राजारामपुरीतल्या एका खेळण्यांच्या दुकानात आम्ही पाच वर्षं पडून होतो. वर क्रिकेटच्या बॅटी रचलेल्या. उन्हानं खोक्यावरचं चित्र पिवळं पडलं. लोक रिमोटच्या गाड्या घेऊन जात आणि आमच्याकडे कुणी पाहत नसे. मग एका रविवारी एक उंच तरुण आत आला आणि वाकून आमचं खोकं निरखू लागला.

"घेऊन टाका की पावणं," दुकानदार म्हणाला. "जोडायचं काम हाय म्हणून कोण हातबी लावत न्हाई त्याला."

"जोडायचं हाय म्हणूनच घेतोय," तो तरुण म्हणाला.

त्याचं नाव प्रसेनजीत. तो उचगावचा, फाउंड्रीत कामाला. फाउंड्रीत लोखंडाचा रस साच्यात ओततात. तो थंड झाला की तयार भागाला रस वाहून आणणाऱ्या काड्या चिकटून राहतात. त्या तोडायच्या, भाग घासून साफ करायचा, हे प्रसेनजीतचं रोजचं काम. घरी येऊन त्यानं आमची चौकट हातात घेतली आणि तो हसला.

"हे तर आमचंच काम की गं, आक्का. ह्यो रस व्हायचा रनर, ह्यो आत शिरायचा गेट. लोखंडाच्या जागी प्लास्टिक, एवढंच."

ज्या आक्काला तो हे सांगत होता, ती त्याची थोरली बहीण संघप्रिया. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. पण तिचं शिक्षण अडलं नव्हतं. ब्रेलची पुस्तकं आणि फोनमधला वाचणारा आवाज यांच्या जोरावर ती इतिहासात एम.ए. झाली होती आणि नंतर बी.एड. झाली होती. कुठली लढाई कुठल्या साली, कोण कुठून आलं, कुणी माघार घेतली, हे तिला तोंडपाठ होतं. शिक्षिका व्हायचं तिनं ठरवलं होतं. मात्र तीन शाळांतून ती नकार घेऊन परतली होती. तिन्हीकडे इतिहास विषयाबद्दल तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. फळ्यावर कसं लिहिणार आणि वर्गावर लक्ष कसं ठेवणार, एवढंच विचारलं होतं.

प्रसेनजीतनं माझ्या भावाला तासाभरात उभं केलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. संघप्रियानं त्याच्यावरून बोटं फिरवली. आधी चाकांवरून फिरणारे दोन्ही बाजूंचे पट्टे, मग पुढचा उतरता पत्रा, मग वरचा गोल बुरूज, मग तोफेची नळी. पुन्हा पहिल्यापासून.

"प्रसेन, रणगाडा असा असतोय?"

"व्हय. तुला कसा वाटलावता?"

"मला वाटायचं, बैलगाडीला पत्रा ठोकल्यागत असंल. मोठी चाकं, आन वर तोफ बांधलेली."

प्रसेनजीत हसला, पण तिचा चेहरा पाहून थांबला.

"परीक्षेत रणगाड्यावर पानंच्या पानं लिवली मी," ती म्हणाली. "मार्कबी पडले. पण तो कसा असतोय, ते आज कळलं. दुसरा जोडू नको. तो मी जोडणार."

तो दुसरा म्हणजे मी.

मित्रांनो, खरं सांगतो, मी धास्तावलो होतो. माझे काही भाग ज्वारीच्या दाण्याएवढे आहेत. ते हातातून सुटले तर डोळस माणसालाही सापडत नाहीत. संघप्रियाच्या आईनं स्वयंपाकघरातला मिसळणाचा जुना डबा रिकामा करून दिला. त्याच्या सात वाट्यांत तिनं माझे भाग वाटून ठेवले. एका वाटीत चाकं, एकीत पट्टे, एकीत झाकणं. प्रत्येक वाटीत हळदीचा वास राहिलेला होता, तो माझ्या अंगाला अजून येतो.

पहिल्याच दिवशी घात झाला. काडीचा उरलेला भाग समजून तिनं माझ्या बुरुजाची खुंटीच कटरनं कापून टाकली. बुरूज ठेवला की घसरायचा. तिच्या लक्षात आलं तेव्हा तिनं कटर बाजूला ठेवलं.

"घालवला मी ह्याला."

"घालवला न्हाईस," प्रसेनजीत म्हणाला. "आमच्यात रोज मोडतंय काय ना काय. थांब जरा."

त्यानं चौकटीची उरलेली काडी मेणबत्तीवर धरली, मऊ झाल्यावर ओढून बारीक केली, तिचा तुकडा कापला. तापवलेल्या सुईनं माझ्या बुरुजाला भोक पाडलं आणि तो तुकडा त्यात ठोकून बसवला. नवी खुंटी जुनीपेक्षा घट्ट निघाली. मग त्यानं कापलेलं टोक आणि साच्यातली खुंटी तिच्या बोटाखाली आळीपाळीनं धरली.

"कापल्यालं खरखर लागतंय. साच्यातनं आल्यालं गुळगुळीत असतंय. खरखरीत तेवढं घासायचं, गुळगुळीताला हात लावायचा न्हाई."

त्यानंतर तिनं माझी एकही खुंटी कापली नाही. मला पहिल्यांदा पूर्ण उभं करायला तिला सगळी दुपार लागली. दुसऱ्या दिवशी तिनं मला मोडलं आणि पुन्हा जोडलं. दोन तास लागले. महिन्याभरानं अकरा मिनिटं. इतक्या वेळा जोडून-उघडून माझे सांधे सैल पडले, तेव्हा नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप प्रसेनजीतनं आणून दिली. तिचा एक वेढा दिला की मी पुन्हा घट्ट. माझा भाऊ मात्र टीव्हीशेजारी दिमाखात उभा राहिला. मला त्याचा हेवा वाटला नाही. त्याला घर होतं, मला काम होतं.

जूनमध्ये चौथ्या शाळेतून फोन आला. शाळा राजारामपुरीतली. इतिहासाच्या शिक्षकाची एक जागा होती आणि उमेदवारांनी नववीच्या वर्गावर एक तास घेऊन दाखवायचा होता. विषय दुसरं महायुद्ध. संघप्रियानं मला सुटं केलं, मिसळणाच्या डब्यात भरलं, डबा टॉवेलात गुंडाळला आणि टेप पिशवीत टाकली.

"खेळणं घेऊन जातीस व्हय?" आई म्हणाली. "पोरं हसतील की."

"हसू देत. हसणारं पोरगं झोपत तर न्हाई."

केएमटीच्या बसमध्ये तिनं डबा मांडीवर घट्ट धरला होता. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय पोहे हाईत काय डब्यात?"

"रणगाडा हाय, मावशी."

ती बाई पुढचे तीन थांबे गप्प बसली.

वर्गाच्या शेवटच्या बाकामागे तीन खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीवर मुख्याध्यापक विजयसिंह सर. त्यांच्या एका बाजूला संस्थेचे वयस्कर सदस्य अण्णासो, दुसऱ्या बाजूला शाळेतल्याच एक शिक्षिका. मुलं कुजबुजत होती. संघप्रियानं काठी घडी करून टेबलावर ठेवली, डबा उघडला आणि शांतपणे म्हणाली, "माझ्याकडं एक मोडलेला रणगाडा आहे. तो तुमच्यात वाटायचा आहे. पहिल्या बाकावरच्यांनी पुढं या."

चोवीस बाकं होती. दोन बाकांना दोन-दोन भाग मिळाले, बाकीच्यांना एक-एक. आयुष्यात पहिल्यांदा मी इतक्या हातांत एकाच वेळी होतो.

"आता डोळे मिटा. तुमच्या बोटांना काय लागतंय ते सांगा. नाव माहीत नसलं तरी चालेल."

"मॅडम, माझ्याकडं बादलीचं झाकण आहे," एक मुलगा म्हणाला. वर्ग हसला.

"झाकणच आहे ते. पण ते माणसाच्या वरचं आहे. या गाडीत पाच माणसं बसतात. गाडीला आग लागली, तर बाहेर पडायला ही अशी झाकणंच असतात आणि वेळ फार थोडा असतो. तुझ्या हातात त्या माणसाचा दरवाजा आहे."

हसू थांबलं. तो मुलगा झाकण दोन बोटांत हळूच धरून बसला. त्यानंतर कुणाला तोफेची नळी सापडली, कुणाला चाक. प्रत्येक भागाला संघप्रिया एक माणूस जोडत गेली. चालवणारा कुठे बसतो, गोळा कोण भरतो, नेम कोण धरतो. ब्रह्मदेशात चिखल कसा होता, इटलीत डोंगर कसे होते आणि तिथे आपल्याकडच्या मराठा पलटणी कशा लढल्या.

मग तिनं भाग परत मागवले आणि बोलता बोलता मला जोडायला सुरुवात केली. पोट, चाकं, उजवा पट्टा, वरचा पत्रा, बुरूज. तिची बोटं एकदाही चुकली नाहीत. डब्यातली शेवटची वाटी चाचपताना मात्र ती थांबली.

"एक भाग यायचा राहिला. डावा पट्टा."

कुणी उठलं नाही. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. विजयसिंह सर उभे राहिले होते.

"कुणाकडं आहे तो? मुकाट्यानं उभं राहायचं."

मित्रांनो, मी तिच्या हातात होतो, म्हणून मला ठाऊक आहे. तिच्या तळहाताला घाम आला होता. इथे तिची नोकरी टांगणीला लागली होती आणि वर्ग हातातून सुटला, असं म्हणायला एवढं कारण पुरेसं होतं. पण तिचा आवाज जसा होता तसाच राहिला.

"सर, बसा. हा तास मला दिलाय. अजून बारा मिनिटं माझी आहेत."

विजयसिंह सर क्षणभर उभेच राहिले आणि मग बसले.

तिनं मला तसंच, एका पट्ट्याचं, टेबलाच्या कडेला ठेवलं. "बरं झालं. आता हा रणगाडा खऱ्या लढाईतल्यासारखा दिसतोय. एका बाजूचा पट्टा तुटला, तर काय होईल सांगा."

"एकाच जागी फिरंल, मॅडम."

"बरोबर. पुढं जाता येत नाही, मागं येता येत नाही. समोरून गोळ्या चालू आहेत. पट्टा जोडायचा तर आतल्या माणसांना बाहेर उतरावं लागतं. आता मला सांगा, पट्टा कुणाच्या चुकीनं तुटला, हे ते त्या वेळी विचारत बसतील का?"

"नाही," दोन-चार आवाज आले.

"मग काय करतील?"

"जोडतील."

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. तिचं नाव संयोगिता. ती टेबलापाशी आली आणि मूठ उघडली. माझा डावा पट्टा तिच्या तळहातावर दोन तुकड्यांत पडला होता.

"मॅडम, माझ्या हातनं मोडला. मी वाकवून बघितला जरा." तिनं तुकडे मॅडमच्या हातावर ठेवले. "तुमची परीक्षा हाय म्हणून सांगायला भ्यालो."

कोल्हापुरात मुलीही 'आलो, गेलो' म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच.

संघप्रियानं दोन्ही तुकडे बोटांनी तपासले. "सरळ तुटलाय, काय बिघडलं नाही. पिशवीत पांढरी टेप आहे, ती काढ. तू टोकं एकमेकांना लावून धर, मी गुंडाळते. घट्ट धर, हलू देऊ नकोस."

संयोगितानं धरलं, संघप्रियानं वेढे दिले. दोघींच्या चार हातांत माझा पट्टा पुन्हा एक झाला आणि चाकांवर चढला. संयोगितानं मला टेबलावर पुढे ढकललं. मी सरळ गेलो. घंटा वाजली, पण पहिली दोन मिनिटं कुणी दप्तराला हात लावला नाही. सगळे टेबलाभोवती गोळा झाले होते.

नंतर ऑफिसात अण्णासोंनी तोच जुना प्रश्न विचारला. "तास झाक झाला, त्यात वाद न्हाई. पण रोजचं कसं? फळ्यावर तुम्ही लिहिणार कसं?"

"अण्णासो, रणगाड्याची झाकणं लावली की चालवणाऱ्याला बाहेरचं जेमतेम दिसतंय," संघप्रिया म्हणाली. "वर बसलेला त्याला सांगतो, डावीकडं घे, उजवीकडं घे. गाडी तशीच लढाईला जाते. फळ्यावर मुलं लिहितील. काय लिहायचं ते मी सांगीन."

विजयसिंह सरांनी समोरचा कागद पुढे ओढला. पहिलं वर्ष तिला तासिका तत्त्वावर घेतलं, पुढच्या वर्षी पूर्ण वेळ. तास झाला त्या संध्याकाळी उचगावच्या घरी प्रसेनजीतनं मला हातात घेऊन पट्ट्यावरची टेप पाहिली आणि म्हणाला, "काम नीट केलंय. कुणी धरलंवतं?" नोकरीचं त्याला नंतर सुचलं.

इथपर्यंत माझे दिवस चांगले होते. मग माझं कौतुक झालं आणि कौतुकानं माझा घात केला.

विजयसिंह सरांना माझा अभिमान वाटू लागला होता. त्यांनी मला ऑफिसबाहेरच्या काचेच्या कपाटात ठेवलं. एका बाजूला कबड्डीची ढाल, दुसऱ्या बाजूला विज्ञान प्रदर्शनाचा चषक. पुढे सुबक अक्षरांत पाटी. पाहुणे आले की सर त्यांना माझ्यासमोर उभं करत. संघप्रियानं सरांचा मान म्हणून मला दिलं होतं. मीही सुरुवातीला खूश होतो. पण हळूहळू कपाटाची किल्ली कारकुनाच्या खणात गेली. माझ्या बुरुजावर धूळ साठली. टेपला डिंक नसल्यानं ती सुटून लोंबू लागली. मुलं काचेला नाक लावून बघत आणि पुढे जात. त्या वर्षी महायुद्धाचा धडा आला तेव्हा मी काचेआड होतो. वर्गातून संघप्रियाचा आवाज ऐकू येत होता. ती रणगाडा शब्दांनी समजावून सांगत होती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, आपण असून नसल्यासारखे आहोत.

दुसऱ्या वर्षी धडा यायच्या आदल्या दिवशी ती कपाटापाशी आली आणि कारकुनाकडे किल्ली मागितली. सरांना विचारा, असं तो म्हणाला. तेवढ्यात सरच बाहेर आले.

"मॅडम, राहू दे की तो. एवढा छान दिसतोय तिथं. वर्गात नेला की मोडंल."

"मोडू दे, सर. मोडला तर जोडता येतोय."

"पण शाळेची शान आहे ती. सगळे बघतात."

"मला कुठं दिसतोय, सर?" संघप्रिया साध्या आवाजात म्हणाली. "मी रोज इथनं जाते. माझ्या हाताला काच लागते."

विजयसिंह सरांनी स्वतः खणातून किल्ली काढली, कपाट उघडलं, मला बाहेर घेतलं आणि धूळ आपल्या रुमालानं पुसली. तिच्या हातात देताना ते एवढंच म्हणाले, "माझ्या लक्षातच आलं नाही, मॅडम."

त्या दिवसापासून माझी पाटी त्या कपाटात एकटी आहे आणि मी वर्गात आहे. आता मी जुना झालो. माझ्या सव्वीस भागांपैकी नऊ भाग मूळचे राहिले नाहीत. दोन चाकं प्रसेनजीतनं फाउंड्रीतल्या फावल्या वेळात घडवली. तोफेची नळी बॉलपेनच्या रिफिलीची आहे. एक झाकण कुणा मुलानं शर्टाच्या बटणाचं करून दिलंय. माझा मूळ हिरवा रंग हातांच्या घामानं जागोजागी काळवंडलाय. दर वर्षी नववीची मुलं मला मोडतात, डोळे मिटून चाचपतात आणि पुन्हा उभं करतात. त्यातली काही मला लहान समजून हसतात, पण झाकण हातात आलं की गप्प होतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी कष्टानं जोडलेली एखादी वस्तू असेल. तिला जपा, पण कुलूप लावलं म्हणजे जपलं असं समजू नका. ती हातात घ्या, उघडा, आत काय आहे ते बघा, ज्याला ती दिसत नाही त्याच्या हातात द्या. धूळ पुसा, सैल झालेला सांधा घट्ट करा. तुमच्या हातून ती मोडली तर तुकडे मुठीत लपवू नका, समोर ठेवा. आणि समोर कुणी मोडलेले तुकडे घेऊन उभं राहिलं, तर रागावण्याआधी एक टोक तुम्ही धरा.